उपापचय, चयापचय आणि ‘मेंदूची कमजोरी’

इंदूरच्या रामबागेतल्या एका काकूंचा प्रश्न आहे. नातवाच्या हिंदी कागदावर ‘आनुवंशिक उपापचय विकार’ असं लिहिलंय आणि पुण्याच्या जाऊबाई फोनवर ‘चयापचय’ म्हणतात, तर हे दोन वेगळे आजार आहेत का? आणि घरच्यांना कळावं म्हणून ‘मेंदूची कमजोरी’ म्हटलं तर चालेल का?

काकू, आजार एकच. हिंदीनं ‘उपापचय’ घेतला, मराठीनं ‘चयापचय’. तिकडे बडोद्याला गुजराती पाठ्यपुस्तकांतही चयापचयच आहे. चय म्हणजे रचणं, अपचय म्हणजे मोडणं. शरीर लहान रेणूंपासून मोठे रेणू बांधतं आणि मोठे मोडून ऊर्जा काढतं, ही दोन्ही कामं मराठी शब्दात सरळ दिसतात, म्हणून मला तो आवडतो. पण इंदूरच्या डॉक्टरांशी बोलताना उपापचय म्हणालात तरी काही बिघडत नाही.

‘कमजोरी’ मात्र म्हणू नका. कमजोरी म्हटलं की आपल्याकडे आधी बदाम भिजत पडतात, मग तूप वाढतं, आणि कुणीतरी सांगतंच की पोराला रोज दूध-जलेबी द्या. इथे कमी ताकदीची नाही, शरीरात अन्नावर होणाऱ्या क्रियेत खोट आहे.

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण आपण स्वस्थ बसलेलो असतानाही एकूण ऊर्जेतला जवळजवळ २० टक्के वाटा तो घेतो. लहान मुलांत हा वाटा आणखी बराच मोठा असतो. साठवण मात्र नगण्य, त्यामुळे पुरवठा अडला की पहिला फटका मेंदूला. ग्लुकोज रक्तातून आत यायचं, आणि पेशीतल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांत, त्यातली बहुतेक ऊर्जा एटीपीच्या (पेशीला लगेच वापरता येणाऱ्या ऊर्जेच्या रेणूच्या) रूपात निघायची, असा हा क्रम.

तो कुठेही तुटू शकतो. ग्लूट-१ नावाच्या वाहक प्रथिनाची कमतरता असेल तर रक्तात साखर पुरेशी असूनही ती मेंदूत पुरेशी पोचत नाही. कोठारात धान्य आणि दाराला कुलूप. या आजारात भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी कर्बोदकं असा कीटोजनिक आहार देतात, कारण स्निग्धापासून शरीर जे कीटोन बनवतं त्यांना आत शिरायला वेगळी वाट आहे. पायरुवेट डीहायड्रोजिनेज या विकराची, म्हणजे एन्झाइमची, कमतरता असेल तर साखर आत जाते, पण पुढची पायरी अडते आणि लॅक्टिक आम्ल साचतं. तिथे जलेबीनं त्रास वाढेल. यूरिया चक्राच्या, म्हणजे अमोनियाचं यूरिया करण्याच्या क्रियेच्या, विकारांत गोष्ट वेगळी. तिथे प्रथिनांपासून तयार होणारा अमोनिया शरीराबाहेर टाकता येत नाही आणि तो मेंदूला विषारी ठरतो. तिथे बदाम आणि पनीर हेच नडतात. तेव्हा नातवाला नेमकं यातलं काय आहे हे डॉक्टरांना विचारा आणि खाणंपिणं ते सांगतील तसंच ठेवा.

विकार ऊर्जेचा असेल तर घरी सांगायला ‘मेंदूच्या पेशींना अन्नातून पुरेशी ऊर्जा तयार करता येत नाही’ हे साधं वाक्य पुरे. फक्त ‘पेशी’ जपून वापरा. मराठीतली पेशी म्हणजे हिंदीतली कोशिका. इंदूरच्या घरात निम्मे लोक पेशी ऐकून मांसपेशी समजतील, आणि वकील असलेले काका कोर्टाची तारीख. ‘स्नायू’चीही तीच गत. आपला स्नायू हाता-पायाचा, हिंदीत स्नायु बऱ्याचदा मज्जातंतू.

राहिला ‘आनुवंशिक’. त्यात ‘वंश’ दिसतो म्हणून ‘आमच्या घराण्यात तर कुणालाच नाही’ असं म्हणतात, आणि मग बोट सुनेकडे वळतं. आनुवंशिक चयापचय विकारांतले बरेचसे असे असतात की आई आणि बाबा दोघेही निरोगी, पण दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत. प्रत्येक गरोदरपणात मुलाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता २५ टक्के. तंतुकणिकांची स्वतःची ३७ जनुकं आईकडूनच येतात हे खरं, पण मुलांमधले तंतुकणिकांचे बहुतेक आजार त्यांच्यामुळे नसून पेशीकेंद्रातल्या जनुकांमुळे होतात. शब्द मात्र अनुवंश + इक असा आहे, वर्षाचं वार्षिक तसं अनुवंशाचं आनुवंशिक. ‘अनुवांशिक’ सगळीकडे छापलेलं दिसतं, पण तुमच्या कागदावर बरोबर लिहिलंय.