डबी एक, घेणाऱ्या दोघी

"मॅडम, झाडपाल्याचंच औषध आहे, त्याने काय होणार?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्या बाईने तोंड उघडताच मला ते येताना दिसतं.

स्मिताताई (नाव बदललंय) मात्र आल्या होत्या त्या मुलीची काळजी घेऊन. मुलगी 22 वर्षांची, लग्न ठरलेलं आणि पाळी तीन आठवडे लांबलेली. आईच्या मनात काय आलं असेल ते सांगायला नको. घरी केलेली गरोदरपणाची चाचणी निगेटिव्ह आली, तरी दोघींमधला अबोला काही सुटला नव्हता.

मी मुलीशी एकटीशी बोलले. बराच वेळ ओढणीचं टोक पिळत बसली, मग म्हणाली, "आईच्या डबीतल्या गोळ्या मीही घेते." ब्लाउज शिवायला टाकताना टेलरबाई सहज बोलून गेल्या होत्या, "पॅड लावावे लागतील हं." तेवढ्यावरून हे सुरू झालं. डबीवर छाती भरण्याचं आश्वासन होतंच.

डबी स्मिताताईंच्या नणंदेने बँकॉकहून आणलेली. स्मिताताई पन्नाशीच्या, रात्री घामाने गाऊन भिजायचा, म्हणून घेत होत्या. साठ कॅप्सूल इतक्या लवकर कशा संपल्या, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "मला वाटलं, कंपनीनेच कमी भरल्यात."

आत होता क्वाव ख्रुआ खाव, म्हणजे पांढरा क्वाव ख्रुआ. थायलंडच्या उत्तर आणि पश्चिम भागातल्या पानगळीच्या जंगलांत वाढणाऱ्या वेलीचा हा कंद. तिथले जुने वैद्य तो वाळवून, कुटून, मधात मळून मिरीएवढी गोळी करत आणि ती देत उतारवयातल्या माणसांना. 1931 साली चियांग माईत निघालेल्या एका छोट्या पुस्तिकेने ही माहिती सर्वदूर नेली. तरुणांनी हे घेऊ नये, असं त्यातच बजावलं होतं. डबीवर नेमकं तेवढंच छापायचं राहिलं होतं!

या कंदात मिरोएस्ट्रॉल आणि डीऑक्सिमिरोएस्ट्रॉल नावाची द्रव्यं असतात. शरीरातल्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासाठी असलेल्या कुलपात ही किल्ली बसते. स्मिताताईंचं स्वतःचं इस्ट्रोजेन उतरणीला लागलेलं, त्यामुळे त्यांना थोडा उतार पडला असेल. थायलंडमधल्या छोट्या चाचण्यांत तसं दिसलंही आहे. मुलीच्या शरीरात मात्र ते भरपूर होतं. वरून आणखी ओतलं की मेंदूकडून बीजकोशांना जाणारे निरोप मंदावतात. बँकॉकच्या चुलालाँगकॉर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी माकडिणींना ही पूड दिली, तेव्हा त्यांचंही पाळीचं चक्र लांबलं होतं. आणि छाती वाढते म्हणाल, तर त्याला भक्कम पुरावा नाही.

थायलंडच्या औषध प्रशासनाने दिवसाला 100 मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. मुलगी 500 घेत होती. शिवाय कुठल्या जंगलातला, कुठल्या ऋतूत खणलेला कंद, यावर आतल्या द्रव्याचं प्रमाण बदलतं.

गोळ्या मी दोघींच्याही थांबवायला लावल्या. स्मिताताईंच्या सख्ख्या मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता, हे बोलता बोलता कळलं. अशा बाईने इस्ट्रोजेनसारखं काहीही तपासणीशिवाय घेऊ नये, म्हणून त्यांना डबीसकट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मुलीलाही पाठवलं, कारण पाळी लांबण्याचं कारण गोळ्याच आहेत, असं मी खुर्चीत बसून ठरवू शकत नाही. थायरॉईड नॉर्मल आलं, सोनोग्राफीही ठीक. पुढच्या महिन्यात पाळी आली.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. टेलरबाईंच्या त्या एका वाक्यावर आम्ही तीन बैठका घालवल्या. नवऱ्यामुलाला याबद्दल काही वाटतं का, असं विचारल्यावर ती पहिल्यांदा हसली, "त्याला माझ्या स्कूटर चालवण्याची भीती वाटते."

शेवटच्या दिवशी स्मिताताई दारात थबकल्या. "मग आपला विदारीकंद चालेल का हो?"

मी म्हटलं, "ताई, तो त्या डबीतल्या कंदाचाच चुलतभाऊ आहे. आधी डॉक्टरांना विचारा."