नवरा म्हणतो मावशी आहे ना, मग डिशवॉशर कशाला?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि पहिल्यांदा हसू आलं, कारण तुम्ही विचारलंय "दीड लाखाच्या आत बसतंय, घेऊ का?" आणि खाली पाच ओळी फक्त रात्रीच्या भांड्यांवर लिहिल्यात. म्हणजे खरा प्रश्न कुठला आहे ते तुम्हालाही माहितीय.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. ताई डोंबिवलीला राहतात, नवरा-बायको दोघं नोकरीला, लेक तिसरीत, सासूबाई सोबत. हातात येणारा पगार ताईंचा ६२ हजार, मिस्टरांचा ७३ हजार. घराचा हप्ता ४१ हजार, घरखर्च ४८, एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला टाकायचे पैसे) १२, लेकीची फी आणि क्लास ९, गावी ८. त्यांना तीन वस्तू घ्यायच्यात, डिशवॉशर ४६ हजार, रोबोट व्हॅक्यूम २८ हजार आणि कपडे धुवून वाळवूनच देणारं वॉशर-ड्रायर ५८ हजार, मिळून १ लाख ३२ हजार. पैशाचे तीन रस्ते डोक्यात आहेत. दोन लाखांची एफडी आहे ती मोडायची, नाहीतर कार्डावर बारा महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय घ्यायचा, नाहीतर वर्षभर एसआयपी बंद ठेवायची. मिस्टरांचं म्हणणं असं की भांड्याला मावशी १,८०० मध्ये येते, केर-लादीचे वर १,५०० देतोच, मग हे सगळं कशाला.

आधी मी माझं सांगतो. काही वर्षांपूर्वी मी घरघंटी घेतली. हिशोब झकास मांडला होता, दळणाचे किलोला इतके वाचतात, गिरणीत रांग नाही, पीठ ताजं वगैरे. बायको एवढंच म्हणाली की साफ कोण करणार. मी म्हटलं त्यात काय एवढं. तर होतं काय, दळण पंधरा मिनिटांत होतं पण नंतर जाळी काढा, ब्रश मारा, बाजूचा ओटा पुसा, खाली सांडलेलं पीठ पुसा, यात अर्धा तास, आणि गिरणी आमच्या बिल्डिंगच्या खालीच आहे हो! सात-आठ महिने चालवली, आता तिच्यावर तांदळाचा डबा ठेवलेला असतो. लोकांचे पैसे सांभाळणाऱ्या माणसाने मशीन स्वतः किती वेळ खातं हे मोजलंच नव्हतं. तेव्हापासून कुठल्याही घरगुती मशीनबद्दल कोणी विचारलं की मी आधी हेच विचारतो, भरायला किती वेळ, काढायला किती, धुवायला किती आणि हे करणार कोण.

आता तुमचं डिशवॉशर. मिस्टरांचा मुद्दा साफ चुकीचा नाहीये. मशीन फिटिंग, स्टँड सगळं धरून ५० हजारांना पडेल, आठ वर्षं चाललं असं धरू, म्हणजे महिन्याला ५२० रुपये तिथेच गेले. रोज एकदा चालवलं तर साधारण १.१ युनिट, युनिटला ११ रुपये धरले तर महिन्याला ३६० च्या आसपास लाइटबिल (तुमचा स्लॅब बिलावर बघा, थोडं इकडेतिकडे होईल). पावडर किंवा टॅबलेट दिवसाला १५ धरा, ४५०. जड पाणी मऊ करायचं मशीनचं मीठ आणि डाग न पडता भांडी वाळावीत म्हणून लागणारं रिन्स एड, दोन्हींचे २००, आणि सर्व्हिसिंग, दुरुस्तीसाठी मनात २५० बाजूला ठेवा. बेरीज आली १,८०० ला जरा कमी. म्हणजे मशीन आणि मावशी जवळपास एकाच भावात! पैसे वाचतात म्हणून घेतोय असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे, दुकानवाला सांगत असला तरी.

आणि मावशी आली की तुमचा वेळ शून्य जातो, मशीनला तुमचा वेळ लागतो. मग मावशीला काढून मशीन आणलं तर तुमचं काम वाढेल, कमी नाही होणार. शिवाय मावशी ३,३०० साठी तुमच्या घरी येते, नुसत्या १,५०० च्या केर-लादीसाठी तिसऱ्या मजल्यावर चढून येईलच असं नाही, ते काम पण सुटेल. ही गोष्ट बहुतेक लोक हिशोबात धरतच नाहीत.

पण तुम्ही लिहिलेलं नीट वाचलं तर तुमचा त्रास मावशीच्या वेळेतला नाहीच. सकाळची भांडी ती घासते. त्रास आहे रात्रीचा. ती संध्याकाळी सातनंतर येत नाही, तुम्ही साडेसातला घरात पाय ठेवता, जेवणं होईपर्यंत दहा, आणि सासूबाईंच्या घरात खरकटं रात्रभर ठेवायचं नाही, मग जवळजवळ अकरापर्यंत तुम्ही सिंकपाशी. वर महिन्यात सहा-सात दिवस मावशीची दांडी. मी तुमच्या जागी असतो तर आधी दहा जादा ताटं-वाट्या घेऊन रात्रीची भांडी सकाळी मावशीला दिली असती, हा सगळ्यात स्वस्त गॅजेट आहे, पण तुमच्याकडे ते चालणार नाही हे कळतंय. गंमत म्हणजे खरकटं मशीनच्या आत दार लावून ठेवलं तर बहुतेक सासूबाईंना चालतं, असा माझ्या दोन-तीन क्लायंटचा अनुभव आहे.

तर रात्रीचा हिशोब करू. आत्ता ५० मिनिटं जातात. मशीन आलं की उष्टं झटकून भरायला १० मिनिटं, कढई, तवा, कुकर हाताने १० मिनिटं, सकाळी काढून लावायला ५. वाचली २५ मिनिटं, महिन्याला साडेबारा तास, मावशीच्या दांड्यांचे दोनेक तास धरून चौदा-साडेचौदा तास. १,८०० ला साडेचौदा तास म्हणजे तासाला १२५ रुपये. आता तुमचा तास कितीचा? सकाळी आठच्या आधी निघून साडेसातला परत, प्रवास धरून साडेअकरा तास, महिन्याचे २२ दिवस, ६२ हजारांना भागलं तर तासाला २४५ च्या आसपास. जो तास तुम्ही २४५ ला विकता तो १२५ ला परत मिळतोय, तोही रात्री साडेदहाचा. सौदा वाईट नाही. मावशी ठेवून, वरून १,८०० जादा जातायत हे मान्य करून, मी डिशवॉशरला हो म्हणतो.

एक अट मात्र आहे आणि ती मिस्टरांना वाचून दाखवा. २०२४ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेमध्ये घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ८८ असं आलंय. तुमच्या घरात वेगळं आहे असं तुमच्या मेलवरून तरी वाटत नाही. मशीन भरायचं काम मिस्टरांचं, शिफ्ट नसेल त्या दिवशी तर नक्की. मग तुमची २५ नाही, पस्तीस-चाळीस मिनिटं वाचतील, आणि "कशाला हवंय" म्हणणारा माणूस दुसऱ्या महिन्यापासून ताटं कशी लावायची यावर तुम्हालाच लेक्चर देईल, बघा.

वॉशर-ड्रायरला माझं सरळ नाही. तुमचं फ्रंट लोड मशीन चार वर्षांचं आहे, चालू आहे, ते काढायला गेलात तर पाच-सहा हजार मिळतील. कपडे वाळत नाहीत हा त्रास जून ते सप्टेंबरचा, बाकीचे आठ महिने डोंबिवलीत दोरीवर सहज वाळतात. ह्या कॉम्बो मशीनमध्ये धुवायची क्षमता ८ किलो असली तर वाळवायची साधारण ५ असते, म्हणजे पूर्ण लोड धुतला की अर्धे कपडे बाहेर काढा, मग वाळवा, मग उरलेले वाळवा, धुणं-वाळवणं मिळून पाच-सहा तास आणि युनिटं पण चांगलीच खातं. त्यापेक्षा आहे त्याच मशीनला स्पिन १,२०० वर ठेवा, छताला पुलीवाला स्टँड लावा, खाली टेबल फॅन. दीड-दोन हजारात पावसाळा निघतो. जीन्सचा वास येतोच म्हणा, तेवढं चालवून घ्या.

रोबोट व्हॅक्यूमचं मी आत्ता ठरवणार नाही. वाईट वस्तू नाहीये, पण टूबीएचकेमध्ये उंबरे, चार्जरच्या वायरी, लेकीचे खडू, सोफ्याखाली न जाणारी उंची, हे सगळं उचलून ठेवल्याशिवाय तो फिरत नाही, आणि तो फरशी ओल्या फडक्याने पुसतो, लादी घासत नाही. मावशी आहे तोवर गरज नाही. सहा महिन्यांनी परत विचारा.

आता पैसे. एफडीला हात लावू नका. हप्ता, घरखर्च, फी, गावचे पैसे, यातलं काहीच थांबवता येत नाही, हे झाले महिन्याचे १ लाख ६ हजार. म्हणजे तुमची दोन लाखांची एफडी दोन महिनेसुद्धा पुरत नाही, ती आधीच तोकडी आहे. ती मोडून भांडी धुवायचं मशीन आणलं आणि उद्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली तर काय करणार?

ईएमआयबद्दल. "नो कॉस्ट" मध्ये कॉस्ट असते, फक्त ती दिसत नाही. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३ मध्येच सुनावलंय. बँक व्याज घेतेच, दुकान किंवा कंपनी तेवढं डिस्काउंट दाखवते. तुमच्या १ लाख ३२ हजारांवर बारा महिने, १५ टक्के धरून, दहा हजारांच्या आसपास व्याज होतं, ते डिस्काउंटमध्ये वळतं होतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, अठराशे रुपये, तुमच्या खिशातून जातो, शिवाय प्रत्येक वस्तूमागे प्रोसेसिंग फी आणि त्यावर पुन्हा जीएसटी. आणि रोख घेणाऱ्याला जे डिस्काउंट काउंटरवर मिळालं असतं ते तर गेलंच. अडीच हजारांनी कोणी बुडत नाही, खरं दुखणं महिन्याला ११ हजारांचा हप्ता हे आहे. तुमच्याकडे सगळं जाऊन १७ हजार उरतात, त्यातूनच इन्शुरन्स, सणवार, डॉक्टर. एका महिन्यात घसरलं आणि कार्डाचं नुसतं मिनिमम भरलं की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू.

एसआयपीबद्दल आमच्या धंद्यातले लोक लगेच कॅल्क्युलेटर काढतात की आजचे १२ हजार वीस वर्षांनी अमुक लाख झाले असते. मी ते करत नाही, त्या हिशोबाने माणूस चहासुद्धा पिणार नाही. दोन-तीन महिने थांबली तर आभाळ कोसळत नाही. पण "वर्षभर बंद" हे मला नको, कारण वर्षभर बंद झालेली एसआयपी परत सुरू केलेली मी फार कमी लोकांत पाहिलीय.

तुम्ही मेलच्या शेवटी, कंसात टाकावं तसं, लिहिलंय की मिस्टरांना दिवाळीला साठेक हजार बोनस हातात येतो. अहो मग झालं की! बोनस आला की ५० हजारांत फिटिंगसकट डिशवॉशर रोख घ्या, दहा हजार एफडीत टाका. तोपर्यंत दर महिन्याला १,८०० वेगळ्या खात्यात टाकून बघा, मशीन आल्यावर जेवढे जाणार तेवढेच, ते जड जातायत का ते कळेल. दुकानवाला तुम्हाला जीएसटी कमी झालाय, आत्ताच घ्या म्हणाला ना, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून डिशवॉशरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला हे खरंय, आधी करासकट ५० हजारांची वस्तू ४६ च्या आसपास येते, पण ती काही शनिवार-रविवारची ऑफर नव्हती. घाई त्याला आहे, तुम्हाला नाही.

घ्यायच्या आधी मात्र टेप घेऊन किचनमध्ये उभ्या राहा. मोठं मशीन ६० सेंटिमीटर रुंद असतं, मागे पाइपला जागा लागते, जवळ १६ अँपियरचा सॉकेट, पाण्याचं कनेक्शन आणि आउटलेट हवं. टाकीच्या लगेच खाली सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर प्रेशर तपासून घ्या (तुम्ही तिसऱ्यावर आहात, वर किती मजले ते लिहिलं नाहीत). सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर मीठ संपू देऊ नका, नाहीतर स्टीलवर पांढरे डाग आणि मग "हाताने घासलेलं बरं होतं" हे रोज ऐकावं लागेल. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायची तर त्यात पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) कव्हर होतो का तेवढंच विचारा, नसेल होत तर सोडून द्या.

आणि अॅल्युमिनियमचा कुकर, लोखंडी तवा, सासूबाईंची पितळी भांडी यातलं काहीही आत टाकू नका. अॅल्युमिनियम काळं पडतं, तव्याला गंज चढतो, आणि पितळेचं काय होतं ते सासूबाई तुम्हाला पुढची दहा वर्षं सांगतील.