आधी बदल बघ, मग रिपो मोज

प्रिय दोस्ता,

कोड वेगवेगळ्या रिपोंत (इतिहासासह कोड ठेवायच्या कोठारांत) फोडायचा तुझा आराखडा वाचला. माणसं ८ आणि रिपो १४! कागदावर फार नीटनेटकं दिसतं, कबूल. मीही एकदा हेच केलं होतं. मग एपीआयमध्ये (दोन प्रोग्रॅम ज्यातून एकमेकांशी बोलतात त्यात) एक फील्ड वाढवायचं म्हटलं की आधी सामाईक लायब्ररीत पुल रिक्वेस्ट (बदल तपासून सामील करायची विनंती), मग लायब्ररीची नवी आवृत्ती, मग बॅकएंड (सर्व्हरचा कोड), मग फ्रंटएंड (पडद्यावरचा भाग). क्रम चुकला की बिल्ड लाल, म्हणजे कोडची जुळणीच फसते. अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस लागायचे, आणि रिव्ह्यू करणाऱ्याला अख्खा बदल एका जागी कधी दिसायचाच नाही.

म्हणून गेल्या ३ महिन्यांत मर्ज झालेले (मुख्य कोडात सामील झालेले) बदल काढून बस. कुठला कोड कुणाच्या जोडीने बदलतो ते बघ. सतत जोडीने बदलणारा कोड एकत्र राहू दे. वेगळी सर्व्हिस (स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम) म्हणजे वेगळा रिपो, असं कुठे लिहिलंय? एका रिपोतूनही पाच सर्व्हिस आपापल्या वेळी डिप्लॉय होतात, म्हणजे वापरात येतात.

गूगलचं नाव कुणीतरी काढेलच. जानेवारी २०१५ मध्ये त्यांच्या एकाच रिपोत सुमारे ८६ टेराबाइट माल होता, खरंय. पण तो गिटवर (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या नेहमीच्या साधनावर) नव्हता, त्यांनी स्वतः घडवलेल्या पायपरवर होता. मायक्रोसॉफ्टने विंडोजचा सुमारे ३०० जीबीचा रिपो गिटवर आणला, तेव्हा त्यांनाही लागेल तीच फाइल उतरवणारी खास आभासी फाइलसिस्टिम लिहावी लागली. तुमच्या आठ माणसांचा कोड गिट सहज पेलेल.

फोडायचं खरं कारण म्हणजे परवानग्या. गिटमध्ये एकाच फोल्डरपुरता वाचण्याचा हक्क देता येत नाही. बाहेरच्या कंत्राटदाराला द्यायचा किंवा ओपन सोर्स करायचा कोड पहिल्यापासून वेगळाच हवा. 'आमच्या टीमचा रिपो आमचा' हे मात्र कारण नाही, तो मानापमान आहे. त्यासाठी कोडओनर्स फाइल (कुठल्या फोल्डरचा बदल कुणी तपासायचा याची यादी) पुरते.

एकत्र केल्यावर सीआय (प्रत्येक बदलावर आपोआप चाचण्या चालवणारी यंत्रणा) रडवेल. ज्या फोल्डरला हात लागला त्याच्याच आणि त्यावर विसंबलेल्यांच्या चाचण्या चालतील, ही सोय आधी कर.

सुरुवात दोनच रिपोंपासून कर. गिट फिल्टर-रिपोने (इतिहास नव्याने लिहिणाऱ्या साधनाने) प्रत्येकाचा इतिहास सबफोल्डरमध्ये हलव, पण ताज्या क्लोनवर (नव्या प्रतीवर), कारण कमिटचे हॅश (नोंदलेल्या बदलांचे ओळखक्रमांक) बदलतात. जुने रिपो पुसू नकोस, आर्काइव्ह कर (फक्त वाचण्यापुरते ठेव). जुन्या तिकिटांतल्या लिंका तिथेच जातात.