खाडीकाठच्या विहिरीचं पाणी ऑसिलेटिंग रिॲक्शनने तपासता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे, की खाडीलगतच्या विहिरीत पारा किंवा शिसं अगदी किंचित असेल तर लाल-निळी होत राहणाऱ्या बी-झेड (बेलुसोव्ह-झाबोटिन्स्की) या ऑसिलेटिंग, म्हणजे ठरावीक लयीत पुन्हापुन्हा रंग बदलणाऱ्या, रिॲक्शनने ते कळेल का, आणि विज्ञान प्रदर्शनात तसं मांडता येईल का. कल्पना तत्त्वतः बरोबर आहे. पण किनाऱ्यावरच्या विहिरीसाठी ती वापरू नका. मी रत्नागिरीकडे कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो आणि हा प्रयोग मुलांकडून करून घेतो, म्हणून कारण नीट सांगतो.

या द्रावणात ब्रोमेट, मॅलोनिक ॲसिड, सल्फ्युरिक ॲसिड आणि फेरोइन (लाल-निळा रंग दाखवणारं लोहाचं संयुग) असतं. ब्रोमाइड एका मर्यादेखाली उतरलं की स्वतःलाच वेग देणारी एक क्रिया भडकते आणि फेरोइन निळं होतं. त्यानंतरच्या क्रियांमधून ब्रोमाइड पुन्हा तयार होतं, भडका विझतो, लाल रंग परततो. सगळी सूत्रं ब्रोमाइडच्या हातात. पारा आणि चांदीचे आयन नेमके ब्रोमाइडलाच घट्ट धरतात, त्यामुळे लय बिघडते. इथे रंग किती गडद झाला ते बघायचं नसतं, एका निळ्यापासून पुढच्या निळ्यापर्यंत किती वेळ गेला ते मोजायचं असतं. भडक्याच्या उंबरठ्यावर असलेल्या द्रावणाला जरासा धक्काही पुरतो, संवेदनशीलता येते ती तिथून. प्रयोगशाळेत यासाठी पंपाने ताजी रसायनं सतत आत सोडतात, जुनं द्रावण बाहेर काढतात आणि प्लॅटिनम इलेक्ट्रोडवर ठोके (लाल-निळ्याची एकेक फेरी म्हणजे एक ठोका) नोंदवतात. नमुना टोचला की ठोका किती सरकला, त्यावरून प्रमाण काढतात.

पण ही लय बिघडवणाऱ्यांची यादी मोठी आहे, आणि त्यात क्लोराइड (मिठातला एक घटक) वरच्या नंबरावर आहे. काचेचं भांडं साध्या नळाच्या पाण्याने विसळलं तरी प्रयोग रखडू शकतो, म्हणून डिस्टिल्ड वॉटरचा आग्रह धरतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 19 ग्रॅम क्लोराइड असतं, आणि खाडीकाठची विहीर उन्हाळ्यात मचूळ होते ती त्यामुळेच. आता आकडे बघा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पाऱ्याची मर्यादा मात्र 0.001 मिलिग्रॅम. म्हणजे उत्तम गोड पाण्यातही पाऱ्याच्या मर्यादेच्या अडीच लाखपट क्लोराइड असू शकतं. ठोका थांबला तर तो पाऱ्याने थांबला की मिठाने, हे तुम्ही कशावरून ठरवणार? शिसं तर ब्रोमाइडला तेवढं घट्ट धरतही नाही. शिवाय तापमान 10 अंशांनी वाढलं की ठोके दुप्पट-अडीचपट जलद पडतात, त्यामुळे सकाळचं आणि दुपारचं वाचन जुळणार नाही.

घरातली माणसं ते पाणी पीत असतील तर प्रदर्शनाची वाट बघू नका. नमुना ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन किंवा आयसीपी यंत्र (दोन्ही धातूंचं अगदी किंचित प्रमाण मोजतात) असलेल्या प्रयोगशाळेत द्या. पाणी उकळून पारा-शिसं जात नाही, हे घरी नक्की सांगा.

प्रदर्शनासाठी याच जातीचा दुसरा विषय सुचवतो, आपल्याकडचा: ब्रिग्ज-राउशर रिॲक्शनने कोकमातले अँटिऑक्सिडंट मोजणं. 1973 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन शाळाशिक्षकांनी ती मांडली. हायड्रोजन पेरॉक्साइड, आयोडेट, मॅलोनिक ॲसिड, मँगनीज सल्फेट, ॲसिड आणि स्टार्च. द्रावण रंगहीन असतं, हळूहळू मधासारखं पिवळसर होतं आणि मग एका क्षणात गर्द निळं. ढवळणं चालू असताना पातळ केलेल्या कोकमरसाचे थेंब टाकले की रसातली पॉलिफिनॉल्स (हेच ते अँटिऑक्सिडंट) द्रावणातले रॅडिकल, म्हणजे फार चटकन क्रिया करणारे कण, टिपून घेतात आणि ठोके बंद पडतात. थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू होतात. तो खंड स्टॉपवॉचने मोजायचा. रस जास्त, तर खंड लांब. तुलनेला रिसॉर्सिनॉल या शुद्ध अँटिऑक्सिडंटचं ठरावीक द्रावण घ्या.

आगळ (कोकमाचा खारवलेला रस) मात्र घेऊ नका, त्यात मीठ असतं आणि पुन्हा क्लोराइडचाच घोळ होईल. ताजे रातांबे (कोकमाची फळं) फोडून बिनमिठाचा रस काढा, आणि तेवढंच नुसतं डिस्टिल्ड वॉटर टाकूनही वेळ नोंदवा. पेरॉक्साइड तीव्र असतं आणि शेवटी आयोडीनच्या वाफा येतात, म्हणून हातमोजे, चष्मा, उघड्या खिडक्या आणि शिक्षक सोबत हवेतच. उरलेल्या द्रावणात सोडियम थायोसल्फेट घालून रंग पूर्ण जाऊ द्या, मगच ते ओता.