पालवी पिळली असेल तर बुरशीनाशकाआधी नमुना काढा

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) पश्चिमेच्या पडीक जागेत दुपारी कुणी तणनाशक मारलं, आठवड्याभरात गडग्यालगतच्या हापूस कलमांची कोवळी पालवी वळली, पपईचे शेंडे पिळले, आणि दुकानदाराने बुरशीनाशक व टॉनिक दिलं. हे दुखणं ओळखीचं आहे. बाटली उघडली नसेल तर तशीच राहू द्या. झाडात शिरलेल्या तणनाशकावर उतारा नाही, दुकानदार काहीही म्हणो.

तणनाशक म्हणजे काय वगैरे सोडून देतो. कुठलं मारलं ते आधी ओळखा. २,४-डी असेल तर पपई, मिरची आणि वेल लगेच बोलतात: देठ पिळतो, पान अरुंद होऊन शिरा एकमेकींना समांतर दिसतात. ग्लायफोसेट सावकाश चालतं, एक-दोन आठवड्यांनी शेंडा पिवळा, पानं बारीक आणि पुंजक्याने. कधीकधी पुढच्या पालवीतच कळतं. पॅराक्वाटचे जळके ठिपके एक-दोन दिवसांत, जिथे थेंब पडला तिथेच, आणि नंतरची पालवी स्वच्छ येते. फुलकिड्यांनीही कोवळं पान वळतं, म्हणून भिंगाने पानाची खालची बाजू बघा. कल्टार (मोहोरासाठी घालतात ते वाढ रोखणारं औषध) जास्त झालं तर पेरी आखूड पडतात, पण ते घातलेल्या सगळ्या कलमांवर दिसतं, गडग्याच्या एका रांगेत नाही.

खरी ओळख मांडणीत आहे. नुकसान गडग्याजवळ जास्त आणि आत कमी होत गेलंय का? आंबा, पपई आणि बांधावरचं रुंद पानाचं रान, सगळ्यांवर एकाच वेळी आलंय का? करपा, म्हणजे बुरशीचा रोग, असा झाडाची जात न बघता एकाच दिवशी येत नाही. उलट फक्त तुमच्या पंपाने फवारलेल्या झाडांवर सारखंच दिसत असेल, तर आधी स्वतःचा पंप तपासा. २,४-डी रबरी नळीत चिकटून राहतं, तीनदा धुऊनही भरवसा नाही. तणनाशकाचा पंप वेगळाच हवा, त्यावर लाल रंगाचा पट्टा मारून.

आता सर्वात महत्त्वाचं. पालवी गळली की पुरावा गेला. इथल्याच एका कार्यालयाने अर्ज घेतला, न बघताच ‘करपा’ ठरवून बुरशीनाशकाची शिफारस हातात ठेवली, पाहणीला माणूस आला तो पानं गळून गेल्यावर, आणि कागदावर ‘कारण स्पष्ट नाही’. नाव घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही. म्हणून त्यांची वाट न बघता हे आजच करा. गडग्याचा फोटो, झाडाचा पूर्ण फोटो आणि पानाचा जवळून फोटो, तारखेसह. मग नमुने: आधी बागेच्या लांबच्या, निरोगी बाजूचे, नंतर गडग्याकडचे, मधे हातमोजे बदला. दोन वेगळ्या पिशव्या, प्रत्येकीत साधारण अर्धा किलो पालवी, ताबडतोब फ्रीजरमध्ये, आणि प्रयोगशाळेला बर्फात. तिथे तणनाशकाचं नाव घेऊन विचारा. ग्लायफोसेट आणि पॅराक्वाट नेहमीच्या एकत्रित कीडनाशक तपासणीत धरलेले नसतात, त्यांची पद्धत वेगळी असते. ‘सगळं तपासा’ म्हणालात तर पैसे जातील आणि अहवाल कोरा येईल. अर्ज द्याल तो पोच घेऊनच द्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या तज्ज्ञाचं लेखी मत मिळालं तर वजन येतं. फळपीक विम्यावर मात्र अवलंबून राहू नका; तो हवामानाच्या निकषांवर चालतो, शेजाऱ्याच्या पंपावर नाही. मी वकील नाही, तेव्हा नुकसानभरपाईचं कायदेशीर अंग जाणकाराला विचारा.

शेजाऱ्याशी भांडण्याआधी वेळ विचारा. दुपारचा खारा वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे पडीक जागेवरून थेट तुमच्याकडे. पहाटेचा मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा वारा, उलटा जातो. पण पहाट अगदी स्तब्ध असेल तर तीही वाईट: थंड हवेत बारीक थेंब खाली बसत नाहीत, तरंगत राहतात. थोडं सुकं गवत पेटवून बघा, धूर आडवा पसरला तर फवारणी नाही. हुड (नोझलभोवतीचं झाकण), सपाट फवारा देणारं नोझल आणि कमी दाब एवढं केलं तरी उडणं बरंच कमी होतं. १५० मायक्रॉनपेक्षा बारीक थेंब सर्वात जास्त वाहतो, आणि कीटकनाशकाचं गोल फवाऱ्याचं नोझल तोच बनवतं. ग्लायफोसेट असेल तर आणखी एक मुद्दा: केंद्र सरकारने २०२२ मध्ये ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत (कीड नियंत्रणाचं काम करणाऱ्या व्यावसायिकामार्फत) वापरण्याचा आदेश काढला होता; आज तो लागू आहे का ते आधी विचारून घ्या. शेजाऱ्याला हे गोडीत सांगा.

बागेचं काय? माझ्या मते लगेच छाटू नका. पुढची पालवी काय सांगते ते बघा, ओल टिकवा, युरियाची घाई नको. दोन-तीन वर्षांची कलमं जास्त जपा, त्यांच्या हिरव्या सालीतूनही ग्लायफोसेट आत जातं. पपईची फळं विकू नका, खाऊही नका, आणि गडग्यालगतचं गवत गुरांना टाकू नका.