आधी टर्न सर्व्हर, मग बाकीचं

ब्राउझरमधून कॉल लावणारं अ‍ॅप करतोयस ना, मग ऑफिसच्या वायफायवर कॉल लागला म्हणून खूश होऊ नकोस. सोलापूरच्या होटगी रोडला उभा राहून मोबाइल डेटावर लावून बघ. माझं पहिलं वेबआरटीसी (ब्राउझरमधून थेट कॉल करायचं तंत्र) अ‍ॅप मी एका चादरीच्या व्यापाऱ्याला दाखवायला नेलं. घंटी वाजली, त्यांनी उचलला, आणि दोघं नुसतं 'हॅलो, हॅलो'! सिग्नलिंग, म्हणजे कॉल जुळवणारे निरोप, पोचलं होतं; आवाज नाही. या दोन वाटा वेगळ्या असतात, हे डोक्यात घट्ट बसव.

मोबाइल कंपन्या बऱ्याचदा अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपी पत्त्यामागे ठेवतात, म्हणून दोन फोनना एकमेकांपर्यंत थेट पोचणं अवघड जातं. स्टन सर्व्हर तुला तुझा बाहेरचा पत्ता सांगतो, बस्स. थेट वाट निघालीच नाही, तर टर्न सर्व्हर आवाज-चित्र स्वतःमधून नेतो. बँडविड्थचा खर्च येतो, येऊ दे. टर्नच्या नेहमीच्या 3478 पोर्टसोबत 443 पोर्टवर टीएलएसही (कूटबद्ध जोडणी) चालू ठेव, काही फायरवॉलमधून तेवढंच सुटतं.

कोडेक, म्हणजे आवाज आटोपशीर करून पाठवायची पद्धत, ओपस घे. पण कॉल साध्या फोनवर न्यायचा असेल तर पलीकडे बहुतेक जी.711 हा कोडेक असतो, मग दोन्ही जाळी जोडणाऱ्या गेटवेत रूपांतर आलंच. एसआयपीसाठी, म्हणजे इंटरनेटवर कॉल जुळवायच्या नियमांसाठी, 2002 चा आरएफसी 3261 हा मानक दस्तऐवज वाच. जाडजूड आहे, पण ऑपरेटरच्या माणसाशी बोलताना तोच कामाला येतो.

आणि हो, लोकलहोस्ट सोडला तर एचटीटीपीएसशिवाय ब्राउझर माइक देत नाही. एवढ्यावर माझी अख्खी रात्र गेली होती.