वाचनालयाच्या वेबसाइटवर 'अ+' बटण द्यावं का?

तुम्ही वाचनालयाची वेबसाइट करताय, वाचक बरेचसे ज्येष्ठ आहेत, आणि सरकारी साइटवर असतात तशी अक्षर लहान-मोठं करणारी 'अ-, अ, अ+' बटणं घालावीत का, असं विचारलंय.

जरूर घाला. पण त्याआधी, वाचकाने स्वतःच्या फोनमध्ये जी सोय करून ठेवलीये ती तुमच्या साइटने मोडू नये, हे बघा.

माझ्या वडिलांना डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. फोनमध्ये, ब्राउझरमध्ये त्यांनी अक्षर सगळ्यात मोठं करून ठेवलंय. तरी एका बिल भरायच्या साइटवर अक्षरं मुंगीएवढीच. दोन बोटांनी ताणून पाहिलं, तर पान ढिम्म हलेना. शेवटी भिंग घेऊन एकेक आकडा वाचत बसले. मी वेबसाइटचंच काम करतो, म्हणून कोड उघडला, तर आत 'यूजर-स्केलेबल=नो'. म्हणजे झूम कुणीतरी मुद्दाम बंद केलं होतं. फार राग आला.

तुमच्या साइटवर ही ओळ नको. अक्षरांचं माप पिक्सेलऐवजी 'रेम' (rem) या एककात द्या, म्हणजे वाचकाने ब्राउझरमध्ये ठरवलेल्या मापाप्रमाणे ते वाढतं. मग कॉम्प्युटरवर झूम ४०० टक्के करून बघा. १२८० पिक्सेल रुंदीच्या खिडकीत तेव्हा ३२० पिक्सेलएवढीच जागा उरते. तेवढ्यातही मजकूर एकाखाली एक यायला हवा, ओळ वाचायला पान आडवं सरकवावं लागू नये. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांत, २०१८ च्या डब्ल्यूसीएजी (WCAG) २.१ मध्ये, हीच अट आहे.

देवनागरीचं मात्र वेगळं आहे. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की आपली शिरोरेषा तुटते, शब्द विस्कटतो. त्याऐवजी ओळींमधलं अंतर निदान दीडपट ठेवा. आणि मजकुराच्या चौकटीला ठरावीक उंची देऊ नका, नाहीतर अक्षर मोठं केल्यावर शेवटची ओळ अर्धी कापली जाते, खालचे उकार दिसतच नाहीत.

नव्या पुस्तकांची यादी, सुट्टीची सूचना कागदाचा फोटो काढून टाकायची सवय असेल तर ती आधी सोडा. फोटो मोठा केला की धूसर होतो, आणि स्क्रीन रीडरलाही, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही, तो नीट वाचता येत नाही. युनिकोडमध्ये टाइप करा.

बटणं केलीत तर ती बोटाला सहज सापडतील एवढी मोठी करा आणि वाचकाची निवड पुढच्या पानावरही टिकू द्या. साइट तयार झाली की एखाद्या आजोबांना त्यांच्याच फोनवर उघडायला सांगा. तुमच्या फोनवर नको, त्यांची सेटिंग त्यांच्याच फोनमध्ये आहेत.